कोऱ्या प्रोसिडिंगवर यापुढे सही मिळणार नाही

सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, हा इशारा तुम्हाला आहे. तो एकाच गावापुरता नाही. महाराष्ट्रात ज्या ज्या गावी ग्रामसभा वहीत भरते आणि चावडीवर भरत नाही, ज्या ज्या शाळेत पालकांची सभा सह्यांच्या पानावर उरकली जाते, तिथल्या प्रत्येक कारभाऱ्याने तो आपल्यालाच आहे असे समजावे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचा बाप आहे. गावच्या मतदार यादीत माझे नाव आहे, म्हणून मी ग्रामसभेचा सभासद आहे. हे सभासदत्व कोणाच्या मेहेरबानीने मिळालेले नाही. 1993 साली अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने ते प्रत्येक मतदाराला दिले आहे, आणि ते काढून घेण्याचा अधिकार सरपंचालाही नाही आणि आमदारालाही नाही.

येत्या 15 ऑगस्टची ग्रामसभा आणि तिच्याआधी होणारी शाळा व्यवस्थापन समितीची सभा, या दोन्ही खरोखर भरल्या पाहिजेत. माणसे बसलेली, विषय वाचलेले, हिशेब मांडलेले, प्रश्नांना उत्तरे दिलेली, आणि जे झाले तेच वहीत लिहिलेले. एवढीच मागणी आहे. ती पुरी झाली नाही तर आम्ही काय करणार, तेही पुढे लिहिले आहे. ते नीट वाचा, कारण त्यातली एकही गोष्ट नुसती घाबरवण्यासाठी लिहिलेली नाही.

सभा कशी चोरली जाते हे गावात सगळ्यांना माहीत आहे. कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून इथे लिहितो.

ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी द्यायची असते. ती आदल्या रात्री फळ्यावर चिकटते आणि तिच्यावर तारीख मात्र आठवड्यापूर्वीची असते. दवंडी होत नाही. सकाळी झेंडावंदन होते, मुलांना खाऊ वाटला जातो, आणि झेंड्याला सलामी द्यायला आलेल्या माणसांपुढे एक रजिस्टर फिरते. 'हजेरी आहे, करून टाका,' असे सांगितले जाते. ती सही झेंडावंदनाची म्हणून केलेली असते, नंतर ती ग्रामसभेची होते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. दोन हजार मतदारांच्या गावाला शंभर माणसे पुरतात. तेवढीही जमवायची इच्छा नसते, कारण शंभर माणसांत दहा तरी प्रश्न विचारणारी निघतात. मग सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, ही पळवाट तुम्हाला तोंडपाठ आहे. दोन-चार दिवसांनी पंचायतीच्या खोलीत आठ-दहा जण चहा घेतात आणि वर्षभराचा विकास आराखडा, लाभार्थ्यांची यादी, गायरानाचा विषय, पाणीपुरवठ्याचा खर्च, सगळे 'सर्वानुमते मंजूर' होते.

यापुढचे काम भाऊसाहेबांचे, म्हणजे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचे. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, ठरावांनंतर पाऊण पान कोरे सोडले जाते. 'ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने' या मथळ्याखाली तिथे काय भरले जाईल, हे त्या दिवशी कोणालाच माहीत नसते. महिन्याभराने एखाद्या ठेकेदाराचे बिल अडते, एखाद्या योजनेला ठरावाची प्रत लागते, आणि त्या कोऱ्या ओळी कामाला येतात. सूचक एक, अनुमोदक दुसरा. दोघांनाही आपण काय सुचवले आणि कशाला अनुमोदन दिले याचा पत्ता नसतो. सह्या कमी पडल्या तर त्याचीही सोय आहे. नमुना 8 चा उतारा मागायला आलेला माणूस, रहिवासी दाखल्यासाठी तिष्ठत बसलेली बाई, घरकुलाचा हप्ता का आला नाही म्हणून चौथ्यांदा आलेला म्हातारा, यांच्यापुढे वही सरकवली जाते. 'इथे एक सही करा दादा, मग देतो तुमचा कागद.' गरजवंताची सही अशी काढून घेता, आणि पुढे कोणी तक्रार केली की तीच सही दाखवून म्हणता, तुमच्याच गावाने ठराव केला आहे.

ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असे कायद्यात लिहिले आहे. कित्येक गावांत ती बचत गटाच्या हप्त्याच्या दिवशी, गटाच्याच वहीशेजारी दुसरी वही ठेवून 'घेतली' जाते. ज्या बाईला गावाने सरपंच म्हणून निवडून दिले, तिच्या खुर्चीत तिचा नवरा बसतो आणि ती शेजारी पदर सावरत उभी राहते. ताई, तुम्हाला वेगळे सांगतो: सही तुमची आहे, म्हणून जबाबदारीही तुमचीच आहे. चौकशी लागेल तेव्हा नोटीस तुमच्या नावाने येईल, त्यांच्या नाही. येत्या सभेत खुर्चीवर तुम्ही बसा. तुम्ही बोलाल तेव्हा मध्ये बोलणाऱ्याला गप्प बसवायचे काम आम्ही करू.

आता शाळेकडे येतो, कारण माझा राग खरा तिथला आहे.

शिक्षणहक्काचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याचे कलम 21 म्हणते की शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. राज्याच्या नियमांप्रमाणे समितीची सभा महिन्यातून एकदा तरी व्हायला हवी. समितीने शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवायची, आलेल्या पैशाचा वापर तपासायचा आणि शाळेचा विकास आराखडा तयार करायचा. कलम 22 मध्ये तर स्पष्ट लिहिले आहे की सरकारने शाळेसाठी करायच्या योजनांचा आणि द्यायच्या अनुदानाचा पाया हा आराखडाच असेल. म्हणजे गळकी खोली, तुटलेली संडासाची दारे, रिकामे शिक्षकाचे पद, हे सगळे ज्या कागदावर चढले पाहिजे तो कागद पालकांनी करायचा आहे. प्रत्यक्षात काय होते? गेल्या वर्षीच्या आराखड्यावरची तारीख बदलली जाते. अध्यक्ष निवडताना पालकांची सभा न बोलावता गावच्या गटातटाचा हिशेब लावला जातो. सदस्य असलेल्या आयांना आपण सदस्य आहोत हे चेकवर किंवा ठरावावर सही मागायला माणूस घरी येतो तेव्हा कळते. पट 31 ते 100 असेल तर शाळेला वर्षाला 25 हजार रुपयांपर्यंत संयुक्त अनुदान मिळू शकते. रक्कम मोठी नाही, पण तिचा हिशेब एकदा तरी पालकांसमोर मोठ्याने वाचला गेला का, असे कोणत्याही वाडीवर जाऊन विचारा.

आणि वर्षअखेर, शाळेची माहिती सरकारला कळवायच्या यूडायसच्या अर्जात एक रकाना भरला जातो: समितीच्या वर्षभरात किती सभा झाल्या. तिथे आकडा लिहिला जातो. केंद्रप्रमुख येतात, शेरेबुकात 'सभा नियमित' असा शेरा मारतात आणि पुढच्या शाळेला निघतात. तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून पुण्याला, पुण्याहून दिल्लीला तो आकडा जातो. सगळीकडे आम्ही सभेला बसलेलो असतो, फक्त आमच्या गावात नसतो.

मुख्याध्यापकांवर मी सगळे खापर फोडत नाही. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी प्रशिक्षणाला आणि दुसरे ऑनलाइन माहिती भरायला बसलेले असतात, हे आम्ही रोज पाहतो. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसऱ्या कामाला लावू नये, असे याच कायद्याचे कलम 27 सांगते, आणि तेही पाळले जात नाही. पण गुरुजी, तुमच्या बाजूने उभा राहणारा ठराव कोण करणार? आम्हीच. रिकामी पदे भरा, गुरुजींना वर्गात राहू द्या, हे पालकांच्या खऱ्या सभेने लिहून दिले तर त्याला वजन येते. खोट्या सभेचा ठराव तुमच्याही उपयोगाचा नाही, आणि तपासणी लागली तर त्यात पहिले नाव सदस्य सचिव म्हणून तुमचेच असेल.

खोट्या सभेने माणसे मरतात. हे मी शब्द मोठे करण्यासाठी लिहीत नाही.

21 ऑगस्ट 2017. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले निंबोडी गाव. भर पावसात जिल्हा परिषद शाळेच्या वर्गाचे छत मुलांवर कोसळले आणि तीन मुले गेली. 25 जुलै 2025. राजस्थानात झालावाड जिल्ह्यातले पिपलोदी गाव. सरकारी शाळेचे छत सकाळी मुले जमली असतानाच खाली आले आणि सात मुले गेली. वरून खडे पडताहेत असे आम्ही आधी सांगितले होते, असे वाचलेल्या मुलांनी नंतर सांगितल्याच्या बातम्या आल्या. छप्पर एका रात्रीत सडत नाही. ओल धरते, गिलावा सुटतो, सळई उघडी पडते, पावसाळ्यामागून पावसाळे जातात. त्या सगळ्या काळात महिन्याला एक सभा झाली असती, भिंतीला तडा गेला आहे हे कोणा आईने उठून सांगितले असते, ते वहीत चढले असते, ठरावाची प्रत तालुक्याला गेली असती आणि पोच घेतली गेली असती, तर खोली वापरात ठेवणाऱ्याला उत्तर द्यावे लागले असते. आपल्याकडे धोकादायक खोली पाडायची तर आधी निर्लेखनाचा प्रस्ताव जावा लागतो, तपासणी व्हावी लागते, मंजुरी यावी लागते. हा प्रस्ताव सुरू करायला शाळेचा आणि गावाचा कागद लागतो. ज्या सभेत तो कागद जन्माला यायचा ती सभाच झाली नसेल, तर पावसाळा थांबून राहत नाही.

म्हणून सांगतो, 'सभा झाली असे लिहून टाकू, काय फरक पडतो' असे म्हणणाऱ्याने निंबोडीचे नाव आठवावे आणि मग पेन उचलावे.

बदलापूरही विसरू नका. मुलींच्या सुरक्षेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समिती स्थापन करावी, असा शासन निर्णय 10 मार्च 2022 रोजी निघाला होता. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि तेव्हा कुठे राज्यभर विचारणा सुरू झाली की ही समिती नेमकी किती शाळांत आहे. अडीच वर्षे तो निर्णय फायलीत होता. आमच्या शाळेतल्या सखी सावित्री समितीत कोण कोण आहे, ती शेवटची कधी बसली, तक्रारपेटी कोण उघडते आणि किल्ली कोणाकडे असते, याचे उत्तर येत्या सभेत सर्वांसमोर मिळाले पाहिजे. या एका विषयावर 'पुढच्या सभेत पाहू' हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही.

शाळा राहणार की जाणार हाही प्रश्न याच वहीत अडकला आहे. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. वीसपर्यंत पट असलेल्या 14,783 शाळा राज्यात होत्या आणि त्यांत सुमारे 1 लाख 85 हजार मुले शिकत होती, हे आकडे तेव्हाच पुढे आले. शाळा बंद करणार नाही असे सरकार म्हणते. पण नियमाने पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची सात वर्षांची पोर पावसाळ्यात समूह शाळेच्या गाडीची वाट पाहत थांबणार नाही, ती घरी बसेल, हे आम्हाला माहीत आहे. अशा वेळी गावाच्या हातात एकच कागद असतो: खऱ्या सभेचा खरा ठराव. तो विरोधाचाही असू शकतो, संमतीचाही. पण तो आमचा असला पाहिजे. कोऱ्या पाऊण पानात कोणी संमती लिहून मोकळे झाले, तर त्या गावातली शाळा गावाने नव्हे, तीन माणसांनी बंद केलेली असेल.

मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणुका घ्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये दिला, तोवर तीन वर्षे शिक्षण समितीत आमच्या गटाचा निवडून आलेला माणूसच नव्हता. या काळात शाळेविषयी जाब विचारायला आम्हाला दोनच जागा उरल्या होत्या, ग्रामसभा आणि व्यवस्थापन समिती. त्याही तुम्ही वहीत कोंडल्या. त्या तीन वर्षांची प्रोसिडिंगे आम्हाला पहायची आहेत, आणि आम्ही ती पाहणारच.

ग्रामसभेने काही होत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी हेरवाडकडे पाहावे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला की नवरा मेल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच मार्ग दाखवला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे तर काहीशे वस्तीचे गोंडांचे गाव. तिथे एकमत होईपर्यंत सभा बसते. त्या सभेच्या बळावर गावाने 2009 साली अठराशे हेक्टरांहून अधिक जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. हेरवाडला तर तोच ग्रामपंचायत कायदा आहे जो आपल्या गावाला लागू आहे.

आता माझ्याच माणसांना दोन शब्द, कारण इशारा एका बाजूलाच देऊन चालणार नाही. बाबा, काका, मावशी, वहिनी: सभेच्या दिवशी रानात काम असते हे मलाही कळते. पण 'आपण गेलो काय अन् नाही गेलो काय' असे म्हणून घरी बसणारा आणि दाखल्यासाठी कोऱ्या वहीवर सही करणारा, दोघेही या खोटेपणाला हातभार लावतात. यापुढे पानावर सभेची तारीख, विषय आणि ठराव लिहिलेले नसतील तर सही करायची नाही. दाखला अडवला तर कोणी अडवला, कधी अडवला, ते लिहून ठेवा. हक्काचा दाखला सहीच्या बदल्यात विकत घ्यायचा नसतो. वाचता येत नसेल तर शाळेतल्या सातवीच्या मुलाला बरोबर न्या आणि त्याच्याकडून पान वाचून घ्या.

आता मागण्या आणि मुदत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची सभा व्हावी, आणि ती सगळ्या पालकांना खुली असावी. शाळेची प्रत्येक खोली त्या दिवशी समितीने आणि पालकांनी मिळून पाहावी, आणि जी धोकादायक वाटेल तिच्या निर्लेखनाचा किंवा दुरुस्तीचा ठराव त्याच सभेत व्हावा. तपासणी होऊन लेखी अहवाल येईपर्यंत त्या खोलीत एकही मूल बसणार नाही. यावर वाटाघाट नाही. अनुदानाचा, पोषण आहाराचा, आलेल्या आणि खर्च झालेल्या पैशाचा हिशेब तिथे वाचून दाखवावा. आराखडा नवा करावा.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी लागावी, दवंडी द्यावी, वाडीवस्तीवर निरोप जावा. झेंडावंदनाच्या हजेरीचा कागद वेगळा आणि सभेच्या हजेरीचा वेगळा असावा. शाळेच्या समितीचा ठराव ग्रामसभेपुढे विषय म्हणून यावा. वित्त आयोगाच्या निधीतून शाळेवर काय खर्च दाखवला गेला, ते ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर आम्ही पाहणार आहोत. तेच आकडे भाऊसाहेबांनी सभेत वाचावेत. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करा, पण पुढची तारीख तिथेच जाहीर करा, आणि तहकूब सभेत एकही नवा विषय घेतलेला आम्ही मानणार नाही. सभा संपताच प्रोसिडिंग तिथेच लिहून मोठ्याने वाचावे, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून कोरी जागा तिरक्या रेघेने बाद करावी, आणि मग सह्या घ्याव्यात. त्या पानाचा फोटो आम्ही काढणार. त्याला हरकत घेणाऱ्याने ती हरकतही त्याच पानावर लिहून द्यावी.

या मागण्यांचा अर्ज ग्रामपंचायतीत आणि शाळेत हाती दिला जाईल. पोच मिळाली नाही तर तो स्पीड पोस्टाने येईल, आणि त्याची प्रत गटविकास अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे जाईल.

सभा झाली नाही, किंवा न झालेली सभा लिहिली गेली, तर 15 ऑगस्टनंतर कचेरी उघडेल त्या पहिल्या दिवशी पुढच्या गोष्टी होतील. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 7 खाली तक्रार दाखल होईल. पुरेशा कारणाशिवाय ग्रामसभा घेण्यात कसूर करणारा सरपंच पदावर राहण्यास अपात्र ठरू शकतो आणि ग्रामपंचायतीच्या सचिवावर निलंबनाची कारवाई होऊ शकते, हे त्या कलमात आहे. माहितीच्या अधिकारात ग्रामसभा आणि शाळा समिती, दोन्हींच्या प्रोसिडिंगच्या प्रती मागितल्या जातील. त्या घेऊन आम्ही घरोघर जाऊ. ही सही तुमची का, त्या दिवशी तुम्ही गावात होता का, असे प्रत्येकाला विचारू. जो नाही म्हणेल त्याचे प्रतिज्ञापत्र होईल. परगावी कामाला असलेल्याची सही निघाली, वारलेल्या माणसाची सही निघाली, तर तो बनावट दस्तऐवजाचा गुन्हा आहे आणि फिर्याद पोलीस ठाण्यात जाईल. शाळेबाबतची तक्रार शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे जाईल. तीन महिन्यांत निकाल द्यायला कायद्याने त्यांना सांगितले आहे. तो आला नाही किंवा पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील होईल.

शाळेला कुलूप मात्र आम्ही ठोकणार नाही. हा मार्ग बऱ्याच गावांनी धरला, रागाने धरला, त्यांचा राग मला समजतो. पण कुलूप लागते तेव्हा साहेबाचा पगार बुडत नाही, मुलीची शाळा बुडते, आणि एकदा घरी बसलेली आठवीतली मुलगी परत वर्गात येईलच असे नसते. आमची मुले एक दिवसही शाळेबाहेर राहणार नाहीत.

धोकादायक खोलीतला वर्ग समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात हलवण्याची लेखी व्यवस्था 15 ऑगस्टपर्यंत झाली नाही, तर त्यानंतरच्या शाळेच्या पहिल्या दिवशी तो वर्ग पंचायत समितीच्या व्हरांड्यात भरेल. पालक मुलांना घेऊन येतील, परिपाठ तिथे होईल, हजेरी तिथे होईल, पाढे तिथे म्हटले जातील, आणि सुरक्षित खोलीचा लेखी आदेश हातात पडेपर्यंत रोज तिथेच भरेल. गटविकास अधिकाऱ्यांनी त्या दिवसापासून पिण्याच्या पाण्याची आणि मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय करून ठेवावी. मुले किती असतील तो आकडा आदल्या दिवशी लेखी कळवला जाईल.